आजची नाईट

पहाटे ४:३०

आदिलाबाद. जानेवारीचा महिना. तेलंगणातली कडाक्याची थंडी पाहायची तर याच जिल्ह्यात यावं. पारा एक आकड्यावर येतो. गावाच्या कडेला दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. चुलीवर पाणी तापतंय. ताई बॅग भरतेय.

दोन नऊवारी. एक हिरवी, पहिल्या अंकासाठी. एक पांढरी, तिसऱ्यासाठी. गंगावन. खोटं मंगळसूत्र, खोट्या पाटल्या. पॅनकेकची डबी, पावडर, काजळ, दोन लिपस्टिक. पुठ्ठ्यावर लावलेल्या सेफ्टी पिना. मेकअप उतरवायला खोबरेलाची बाटली. जुना टॉवेल. हातआरसा. हे सगळं तिचं स्वतःचं. कंपनी पडदे देते, दिवे देते, गाडी देते. चेहरा आणि कपडे नटीनं आणायचे.

सगळ्यात शेवटी दोनशे पानी वही. तिच्या अक्षरात तिचे संवाद, आणि प्रत्येक संवादाच्या आधी समोरच्याच्या वाक्याचे शेवटचे दोन-तीन शब्द. तेवढ्यावर तिला आपलं वाक्य उचलायचं असतं.

"डबा घेतला का, बाई?" आई विचारते.

"घेतला वं माय."

ताईचं वय चौतीस. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत बारा वर्षं झाली. आठवीतली मुलगी तेलुगू माध्यमात शिकते, अजून झोपलीय. तिला न उठवता ताई निघते.

सकाळी ६:१५

बसस्टँड. कंडक्टरला आधार कार्ड दाखवलं. त्यानं मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट काढून दिलं. डिसेंबर २०२३ पासून तेलंगणाच्या बायकांना साध्या आणि एक्स्प्रेस बसमध्ये राज्याच्या हद्दीपर्यंत भाडं नाही. हद्दीनंतर आहे. म्हणून ताई या बसनं थेट चंद्रपूरला जात नाही. हद्दीपासून कोरपन्यापर्यंतचे तीस रुपये भरते, तिथं उतरते आणि महाराष्ट्राची एसटी धरते. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. बस बदलण्यात पाऊण तास जातो आणि बरेच पैसे वाचतात. हा हिशेब तिनं एकदाच बसवला, आता हंगामभर तसंच चालतं.

मी शेजारी बसलो. तिनं शाल डोक्यावरून घेतली आणि हात पुढे करून दाखवले. नखांच्या कडेला बारीक ओरखडे. दोन रात्री नाटकाची तारीख नव्हती, म्हणून घरी आली होती. घरी आली तर वडिलांच्या वावरात कापूस उभा. दोन दिवस वेचला. बोंडाची वाळलेली टोकं बोटांना लागतात. दुसऱ्याच्या वावरात वेचायला गेलं तर किलोला दहा रुपये मिळतात. तिच्या हातून दिवसाला चाळीस-पंचेचाळीस किलो होतो.

"स्टेजवर हात दिसतात ना जी," ती म्हणते. "पण मी शेतकऱ्याच्या बाईचंच काम करतो. चालून जाते."

कापसाचा हंगाम आणि नाटकाचा हंगाम एकाच वेळी येतात. नाटकं भाऊबीजेच्या मंडईपासून, म्हणजे गावजत्रेपासून, सुरू होतात आणि होळीपर्यंत चालतात. कापूसही दिवाळीच्या सुमारास फुटतो. वर्षातली कमाई या चार महिन्यांत, आणि दोन्हीकडे हात एकच.

सकाळी ७:४५

जैनद गेलं, बेला आलं. दुकानांच्या पाट्या तेलुगूत आणि बसमधली बोली मराठी. पुढच्या सीटवर दोन म्हाताऱ्या कुणाच्या तरी सोयरिकीबद्दल बोलतायत, मध्येच तेलुगू, मध्येच वऱ्हाडीसारखी मराठी. ज्या राजुऱ्याकडे आम्ही निघालोय तो तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता. राज्यांची फेररचना झाली आणि तो मराठी मुलखात गेला. सोयरिकी मात्र दोन्हीकडे राहिल्या. ताईची मावशी गडचांदूरला, मामा राजुऱ्याला. पहिलं नाटक तिनं मामाच्या गावी पाहिलं, गोणपाटावर बसून, सकाळपर्यंत.

आदिलाबादच्या गोंड गावांत दिवाळीला दंडारी निघते, मोरपिसांचे मोठे मुकुट घालून गुसाडी नाचतात. मार्लवाईच्या कनक राजूंना त्या नाचासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. तिकडे झाडीपट्टीत दंडार हाच नाटकाचा जुना पाया मानतात. ताईला दोन्ही घरचंच वाटतं.

सकाळी ९:००

कोरपना. चहा दहा रुपये. एसटी आली. चंद्रपूरचं अर्धं तिकीट पंचावन्न रुपये. गडचांदूरजवळ सिमेंट कारखान्यांची धूळ झाडांवर बसलेली दिसते. ताईनं पदर नाकावर घेतला. घसा सांभाळावा लागतो. रात्रभर ओरडायचं असतं.

प्रवासात तिनं मोबाइलवरचा एक व्हिडिओ दाखवला. गेल्या वर्षी एका मराठी मालिकेसाठी ऑडिशन पाठवली होती. घराची पांढरी भिंत मागे, आणि समोरच्या पात्राची वाक्यं म्हणायला मुलगी. मुलीची मराठी तेलुगू वळणाची. ताईचं काम मात्र मला खरंच उत्तम वाटलं. आवाज खाली ठेवलाय, डोळे स्थिर आहेत, स्टेजवरचा मोठेपणा तिनं बरोबर बाजूला ठेवलाय. तिकडून एकच प्रश्न आला: मुंबईत राहता का? काकूचं काम होतं, महिन्यातून पाच-सहा दिवस. राहण्याचा, जाण्या-येण्याचा खर्च आपला. तिनं वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला आणि नाही म्हणून कळवलं.

एकदा नागपूरला एका सिनेमात गर्दीत उभी होती. दोन दिवस, जेवण आणि रोजचे पाचशे. सिनेमा लागला तेव्हा आदिलाबादच्या टॉकीजला आलाच नाही. पुढे मोबाइलवर पाहिला. गर्दी दिसते. ती कुठं आहे ते तिला माहीत आहे, म्हणून तिला सापडते.

सकाळी ११:१५

राजुरा मागे पडलं, वर्धा नदी ओलांडली, चंद्रपूर आलं. बसस्टँडवरून चांदा फोर्ट स्टेशनपर्यंत वाट्याच्या ऑटोनं वीस रुपये. बल्लारशा–गोंदिया मार्गावरची पॅसेंजर. तिकीट चाळीस. डबा गाडीतच उघडला. ज्वारीची भाकर, ठेचा, वांग्याची भाजी. मूल, राजोली, सिंदेवाही. रुळाच्या दोन्ही बाजूंना जंगल, मध्येच कापलेल्या धानाच्या बांध्या. नागभीड, ब्रह्मपुरी. मग वैनगंगेचा पूल. ताई वही उघडून ओठ हलवत बसली होती. समोरच्या बाकावरची पोरगी तिच्याकडे टक लावून बघत होती. शेवटी तिनं विचारलंच, "तुम्ही नाटकात राहता का?"

"हो."

"तुम्ही आमच्या गावी मेल्या होत्या."

ताई हसली. गावाचं नाव विचारलं, कोणत्या वर्षी तेही विचारलं. तिला ते नाटक आठवत होतं.

दुपारी २:४५

वडसा. सरकारी कागदावर देसाईगंज. गडचिरोली जिल्ह्यातलं एकमेव रेल्वे स्टेशन, आणि झाडीपट्टी रंगभूमीची पेठ. मुख्य रस्त्याला ओळीनं कंपन्यांची ऑफिसं. प्रत्येकावर रंगीत फ्लेक्स: नाटकाचं नाव, निर्मात्याचा फोटो, नटांचे चेहरे. गावोगावची मंडळं इथं येऊन नाटक ठरवतात. कोणतं नाटक, कोण हिरो, विनोदी जोडी कोणती, लावणीला कोण, सिनेमा-टीव्हीतलं कोणी आहे का. त्यावर भाव. मग बयाणा, मग तारीख. कंपनीला ठरलेली रक्कम मिळते. तिकीट विक्रीचा नफा-तोटा गावाच्या मंडळाचा. त्यातून कुठं मंदिराला पत्रे लागतात, कुठं शाळेला भिंत होते.

आजच्या फ्लेक्सवर सर्वांत वर एका मालिकेतल्या नटीचा चेहरा. मुंबईहून आली आहे. तिच्याखाली हिरो, मग विनोदी जोडी. ताईचं नाव खालच्या ओळीत, बाकीच्या सात जणांबरोबर.

कंपनीच्या खोलीत चटया टाकलेल्या. तीन बायका आधीच झोपल्या आहेत, दोघी नागपूरच्या, एक यवतमाळची. ताईनं पाय धुतले आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. आज पाठ टेकायला मिळणारे हे दोनच तास.

संध्याकाळी ५:१५

ट्रक दुपारीच पुढे गेलाय. त्यात पडदे, पाइप, फळ्या, लाइटच्या पेट्या, जनरेटर. त्याच्याबरोबर चार पोरं. नटमंडळी तुफान गाडीत, अकरा जण आणि चालक. गाडीत आधी हिशेबाच्या गोष्टी. कुणाच्या किती नाइटा झाल्या. इथं एका प्रयोगाला नाईट म्हणतात, आणि त्या प्रयोगाच्या पैशालाही नाईटच. ताईची नाईट पंधराशे. बरा हंगाम असेल तर साठ-सत्तर नाइटा होतात. हिरोची नाईट तिच्या तिप्पट. मालिकेतल्या नटीची किती, ते कुणी बोललं नाही.

२०२०–२१ चा हंगाम कोरोनात बुडाला. विनोदी जोडीतले बापू तेव्हा गवंड्याच्या हाताखाली होते. ऑर्गनवाल्यानं ऑर्गन विकला, नंतर दुसरा जुना घेतला. ताईनं चार महिने कापूस वेचला.

मग बोलणं परशुराम खुणेंवर आलं. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे शेतकरी, झाडीपट्टीचे विनोदी नट. पाच हजारांवर प्रयोग, आठशे भूमिका. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बापू त्यांच्याबरोबर एका स्टेजवर उभे राहिलेले.

"खुणेभाऊ एंट्री घेत ना, तर बोलायच्या आधीच लोकं हासत," बापू म्हणाले. "आम्हाले बोलावं लागते."

संध्याकाळी ७:००

सिंदेवाही तालुक्यातलं गाव. आज इथं शंकरपट होता. बैलजोड्या धावल्या, पाहुणे आले, पोरीबाळी माहेरी आल्या. पट दिवसा आणि नाटक रात्री, ही इथली जुनी जोडी. २०१४ मध्ये न्यायालयानं शर्यती थांबवल्या तेव्हा पटाबरोबर कितीतरी गावांची नाटकंही मागे पडली होती. २०२१ च्या डिसेंबरात पट पुन्हा सुरू झाले.

स्टेज गावाबाहेरच्या बांधीत. प्रेक्षकांसाठी जमीन उतरती खोदलीय, म्हणजे मागच्यालाही दिसावं. चारी बाजूंनी कनाती. पुढे खुर्च्या, मागे जमीन. खुर्चीचं तिकीट दीडशे, जमिनीचं पन्नास. बायका आत्ताच येऊन चादरी अंथरून जागा धरतायत. कनातीबाहेर भजी, चहा, फुगे, शेंगदाणे.

नटांचं जेवण पाटलांच्या ओसरीवर. भात, वांगं-पोपटाच्या शेंगांची भाजी, वरण, पापड. वाढणाऱ्या काकूंनी ताईला ओळखलं. "मागच्या साली तुमी रडवलं होतं आमाले. पोटभर जेवा." ताईनं भात कमीच घेतला. पोट भरलं की श्वास पुरत नाही, आणि झोप येते.

रात्री ८:३०

मेकअपची खोली म्हणजे स्टेजमागे ताडपत्री. एक पिवळा बल्ब. पत्र्याच्या पेट्या उलट्या करून त्यावर आरसे. थंडीत पॅनकेक कडक होतो; ताई तो तळहातावर घासून ऊब देते, मग ओल्या स्पंजनं चेहऱ्यावर ओढते. कपाळावर दोन आठ्या, ओठांच्या कडेला रेघा, कानांवरच्या केसांना पांढरी पावडर. हे काम अर्धा तास चाललं. चौतीस वर्षांची बाई पन्नाशीची झाली. ती ज्याची आई होणार तो हिरो चाळीस वर्षांचा आहे आणि शेजारच्या पेटीवर केस काळे करत बसलाय.

ब्लाउजखाली तिनं जाड बनियन घातलं. पहाटे उपयोगी येतं.

मालिकेतली नटी गाडीतून उतरली. सकाळी विमानानं नागपूर, तिथून टॅक्सी. तिनं संवाद पाठ केलेत, मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकलेत. तालीम झाली ती एकदाच. ती सरळ ताईजवळ येऊन बसली.

"ताई, इथं माइक वरून लटकतात म्हणे. मला सवय नाही."

"तीन आहेत. मधला चांगला आहे. माझ्याकडे बघा. मी डावा हात कमरेवर ठेवला की एक पाऊल पुढे या."

दोघींनी तो प्रवेश पेट्यांच्या मधल्या जागेत दोनदा करून पाहिला. ती पोरगी मन लावून काम करणारी होती. मालिका बंद पडून सहा महिने झाले, दुसरी मिळालेली नाही, असं तिनं स्वतःच सांगितलं. अंधेरीच्या घराचं भाडं थांबत नाही. म्हणून या हंगामात तिनं वीस नाइटा घेतल्या आहेत.

रात्री १०:३०

उद्घाटक यायचेत. नटमंडळी वेश चढवून तयार. उद्घाटक आले. समई, हार, शाली, नारळ. सात भाषणं. ताई शेकोटीजवळ उभी, पण दोन हात लांब. नऊवारी सिंथेटिक आहे, ठिणगी पडली तर गेली. कापडाचे आठशे रुपये पडलेत.

रात्री ११:४०

नांदी. ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड. पडदा वर गेला.

ताईची पहिली एंट्री चौथ्या प्रवेशात. डोक्यावर पाटी, मुखात शिवी. टाळी पडली. प्रॉम्प्टर विंगेत बॅटरी घेऊन बसलाय, पण ताईला तो लागत नाही. उलट हिरो एक वाक्य विसरला तेव्हा तिनं त्याचंच वाक्य प्रश्न करून विचारलं आणि गाडी पुन्हा रुळावर आली. खुर्च्यांवर कुणाला कळलं नाही. ऑर्गनवाल्याला कळलं. तो मान हलवून हसला.

मी विंगेत उभा राहून दिवसभर पाहिलेल्या बाईला शोधत होतो. एसटीत पदर नाकावर धरून बसलेली, वहीत पाहून ओठ हलवणारी. ती तिथं नव्हती. पाठ वाकलेली, चाल जड, आवाज पोटातून. ज्यांना अभिनय शिकायचाय त्यांनी एक रात्र या विंगेत काढावी असं मला मनापासून वाटतं.

रात्री १:५०

दुसरा अंक. विनोदी जोडीनं पाऊण तास घेतला. नियम वीस मिनिटांचा, पण लोक सोडत नाहीत. मग लावणी, मग वन्समोअर. ध्वनिक्षेपकावर बक्षिसांची नावं. एकावन्न, एकशेएक, लावणीवालीला पाचशे. मालिकेतली नटी आली तेव्हा पोरांनी मोबाइल वर धरले. मधल्या माइकखाली ती बरोबर थांबली. ताईचा डावा हात कमरेवर होता.

ताईला आता दीड तास काम नाही. शाल गुंडाळून पेटीवर बसली. मुलीचा मेसेज आला होता रात्री नऊला, तेलुगूत: गणिताचा पेपर वीस तारखेला आहे, तेव्हा येशील का? वीसला तारीख लागलेली आहे. तिनं उत्तर लिहिलं नाही. सकाळी फोन करीन म्हणाली.

पहाटे ३:४०

तिसरा अंक. पांढरी साडी, अनवाणी पाय. फळ्या दवानं ओल्या आणि बर्फगार. या प्रवेशात मुलाचा गुन्हा आई आपल्यावर घेते. अकरा मिनिटं ताई एकटी बोलते. पोरं कुशीत झोपलेली, बायका जाग्या. जमिनीवरून एक म्हातारी ओरडली, "नको सांगू वं माय, तो तसाच आहे!" ताई थांबली. वाक्य पुढे नेलं नाही. त्या म्हातारीकडे बघितलं, तेवढंच. मग शेवटचं वाक्य म्हटलं, हळू, माइकच्या अगदी खाली. मागच्या रांगेपर्यंत गेलं.

एकावन्न रुपयांचं बक्षीस. मग शंभराचं, एका बाईकडून. नाव पुकारू नका असं तिनं सांगितलं होतं, तेही माइकवर सांगितलं गेलं.

पहाटे ५:३०

पडदा. मंडळाचा माणूस माइकवर: पूर्ण उजाडल्याशिवाय कुणीही जंगलातल्या रस्त्यानं निघू नये, वाघ आहे. इथं वाघ नेहमीचा. लोक चादरी पांघरून बसून राहिले, चहा घेत राहिले. झाडीपट्टीचं नाटक रात्रभर का चालतं, याची लोक बरीच कारणं सांगतात. मला हेच सर्वांत पटतं: दहा कोसांवरून आलेल्या माणसाला अर्ध्या रात्री घरी पाठवता येत नाही.

ताई खोबरेल चोळून चेहरा पुसतेय. टॉवेलवर आधी तपकिरी रंग उतरला, मग काळा. पोरं पडदे उतरवतायत. मालिकेतली नटी टॅक्सीत बसण्याआधी येऊन तिच्या पाया पडली.

सकाळी ६:१०

मॅनेजरनं पाकिटं वाटली. नाईट पंधराशे. दिवाळीला घेतलेल्या उचलीतले पाचशे वजा. हातात हजार. बक्षिसाचे एकशे एकावन्न. कालचा प्रवास आणि चहा मिळून एकशे पंचावन्न. सहाशे तिनं तिथंच फोनवरून आईला पाठवले. मग मुलीला फोन लावला आणि वीस तारखेचं सांगितलं.

तुफान वडशाकडे निघाली. आज रात्री पुन्हा नाईट आहे, ब्रह्मपुरी तालुक्यात. गाडी साडेपाचला सुटेल.

होळीपर्यंत हे चालू असतं. वडशाच्या मुख्य रस्त्यावर कोणत्याही ऑफिसात विचारा, आज कुठं काय आहे ते सांगतील. जमिनीचं तिकीट काढा, जाड चादर न्या, आणि तिसऱ्या अंकाआधी उठू नका.